पॅकिंगला फाशी देऊ नका

मंडळी, आज मी वकिली करणार आहे. अशील आहे इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये चेपून बसलेला पत्र्याचा एक पातळ तुकडा. पुस्तकात त्याला एक्झॉस्ट गॅस्केट म्हणतात, गॅरेजात 'पॅकिंग'. आरोप एकच, 'गळतंय'. शिक्षाही ठरलेली: काढा, फेका, नवं टाका. साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी तर नाहीच. सहा महिन्यांनी तोच आवाज परत येतो आणि नवीन पॅकिंगलाही त्याच फासावर चढवतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पॅकिंग गळत नाही, जोड गळतो. पॅकिंग हा त्या जोडातला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात गरीब भाग आहे, म्हणून दोष त्याच्या माथी मारणं सगळ्यांना सोयीचं पडतं. मिस्त्रीला सोयीचं, सर्व्हिस सेंटरला सोयीचं, आणि सगळ्यात जास्त सोयीचं तुम्हाआम्हाला, कारण आपल्याला गाडी संध्याकाळी हवी असते.

ज्यांनी बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळलं की तो तापलेला वायू इंजिनाच्या डोक्यातल्या, म्हणजे सिलिंडर हेडमधल्या भोकांतून बाहेर पडतो. चार सिलिंडर असतील तर साधारण चार भोकं. त्या चार तोंडांतला वायू गोळा करून एका नळीत घालणारा जो भाग असतो तो मॅनिफोल्ड. तो बिडाचा ओतलेला असतो, किंवा पोलादी नळ्या वाकवून वेल्ड केलेला असतो. दुसऱ्या प्रकाराला 'हेडर' म्हणतात (आणि 'परफॉर्मन्स' हा शब्द उच्चारला की काही मुलांचे डोळे चमकतात ते याच्यामुळेच). हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा किंवा स्टीलचा. दोघांच्या मध्ये आमचा अशील. आणि दोघांना एकमेकांना धरून ठेवणारे आठ-दहा स्टड आणि नट. हा झाला जोड.

आता त्या जोडावर काय गुदरतं ते बघा. हिशोब शाळेतला आहे. समजा मॅनिफोल्ड ४० सेंटिमीटर लांब आहे. सकाळी तो ३० अंशांवर आहे, आणि घाट चढताना ५३० वर गेला. बीड एका अंशाला आपल्या लांबीच्या साधारण दहा लाखांश गुणिले ११ इतकं वाढतं. म्हणजे ५०० अंशांच्या वाढीला ते २.२ मिलिमीटर लांब होतं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट वाढतं हे खरं, पण हेडमधून कूलंट फिरत असतं, ते १०० अंशांच्या आसपासच राहतं. म्हणजे त्याची वाढ फक्त ०.६ मिलिमीटरच्या घरात. फरक झाला दीड मिलिमीटरचा. हेडला टेकलेला मॅनिफोल्डचा पृष्ठभाग बाकीच्या अंगापेक्षा थंड असतो, म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरेल, पण जात तीच. स्टेनलेस स्टीलचा हेडर घेतला तर वाढीचा आकडा ११ च्या जागी १७ धरा, आणि घाम पुसा.

म्हणजे हा जोड स्थिर नसतो, तो सरकतो! मॅनिफोल्ड दर वेळी तापला की मधून दोन्ही टोकांकडे सरकतो आणि थंड झाला की परत येतो. ऑफिसला जाणं-येणं म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या. वर्षाचे २५० दिवस धरले तर ५०० फेऱ्या, दहा वर्षांत पाच हजार. सरकण्याची सोय म्हणूनच मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवतात, आणि पॅकिंग असं बनवतात की त्यावरून धातू घसरू शकेल. पत्र्यांचे थर, ग्रॅफाइट, मध्ये जाळीदार पोलाद, हे सगळं त्यासाठीच. आमच्या अशिलाचं काम नुसतं भोक बुजवणं नाही. दोन वेगवेगळ्या वेगानं फुगणाऱ्या धातूंमध्ये मध्यस्थी करणं हे त्याचं काम आहे. सासू-सुनेमधल्या नवऱ्यासारखं म्हणा. :-)

आता यात बिघडतं काय? चार-पाच गोष्टी आहेत, आणि त्यातली पॅकिंग ही शेवटची.

पहिली गोष्ट, स्टड. सरकण्याचा सगळ्यात जास्त ताण टोकाच्या स्टडवर येतो, कारण मधोमध हालचाल जवळजवळ शून्य आणि टोकाला सगळ्यात जास्त. तो स्टड रोज थोडा वाकतो, थोडा सरळ होतो, आणि एक दिवस तुटतो. अमेरिकेत फोर्डचं ५.४ लिटरचं ट्रायटन व्ही-८ इंजिन तुटक्या मॅनिफोल्ड स्टडसाठी कुप्रसिद्ध आहे. तिकडचे मेकॅनिक अशी पिकअप आली की टक टक ऐकूनच ड्रिलचा डबा काढतात. म्हणजे रोग काही आपल्याकडच्या खड्ड्यांचाच नाही.

दुसरी गोष्ट, सपाटी. वर्षानुवर्षं तापून-निवून मॅनिफोल्ड केळ्यासारखा वाकतो. मधला भाग हेडला टेकतो, टोकं उचललेली. नवीन पॅकिंग घातलं तरी टोकाला त्याला दाबणारं कोणी नाही. पातळ पट्टीचे स्वस्त हेडर तर वेल्डिंगच्या वेळीच वाकतात, म्हणजे खोक्यातूनच बाहेर येताना गळके!

तिसरी गोष्ट, वजन. सायलेन्सरची अख्खी नळी रबरांवर लटकलेली असते. त्यातलं एक रबर तुटलं की ओझं मॅनिफोल्डच्या मानेवर. चौथी गोष्ट, इंजिनचं माउंटिंग. ते मेलं की ॲक्सिलरेटर दाबताक्षणी इंजिन झोका घेतं आणि खालची नळी त्याला मागे खेचते. हा हिसका कोण खातं? जोड. आणि पाचवी गोष्ट, माणूस. मागच्या वेळी ज्यानं नट आवळले तो अंदाजानं आवळून गेला.

या पाचातलं काहीही बिघडलं की पॅकिंगवरचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की वायू निसटतो. निसटताना पॅकिंग जाळतो. मग आपण जळकं पॅकिंग हातात धरून म्हणतो, 'हे बघा, हे गेलंय.' अहो, ते गेलं नाही, त्याला घालवलं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

आमच्या एका मित्राच्या गाडीचंच घ्या. सकाळी चालू केली की बॉनेटखालून टक टक टक, दहा मिनिटांनी बंद. एका मोठ्या, चकचकीत, कॉफी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरनं (नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, सगळे एका माळेचे मणी) पॅकिंग बदललं. चार महिन्यांनी परत टक टक. परत बदललं. तिसऱ्या वेळी सांगितलं की आता 'असेंब्ली' बदलावी लागेल. त्याच्या गाडीत मॅनिफोल्ड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकत्रच वेल्ड केलेले. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशी मंडळी राहतात, त्यामुळे कोटेशन पाच आकडी. काही शे रुपयांच्या पॅकिंगपासून निघालेली वरात इथवर पोचली.

शेवटी आम्ही गाडी नेली गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. मित्राला म्हणाले, "बस आत, ब्रेक दाबून ठेव, गिअर टाकून जरा क्लच सोड." इंजिनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, माउंटिंग बघा कसं उड्या मारतंय. पॅकिंग काय करणार बिचारं?" खोलल्यावर टोकाचा एक स्टड तुटलेला निघाला. दोनदा पॅकिंग बदलणाऱ्या कोणाला तो दिसला नसेल यावर माझा विश्वास नाही. दिसला असणार. पण तुटका स्टड काढायचा म्हणजे अर्धा दिवस, आणि जॉबकार्डवर अर्ध्या दिवसाला रकानाच नाही. स्टड बदलले, माउंटिंग बदललं, मॅनिफोल्डला फेसिंग मारून आणलं, शेवटी नवीन पॅकिंग. पाच आकड्यांच्या आसपाससुद्धा खर्च गेला नाही.

आता कोणी म्हणेल, होऊ दे की टक टक. आवाजच तर आहे. गाडी चालतेय ना?

इथे माझा पारा खरा चढतो. कारण प्रश्न आवाजाचा नाहीच. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही नीट ऐका.

पहिली, जिवाची. मॅनिफोल्डमधला वायू कन्व्हर्टरच्या आधीचा असतो, म्हणजे कच्चा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी चिकटतो. गाडी पळत असेल तर वारा बरंचसं उडवून नेतो. पण गाडी जेव्हा सिग्नलला, टोलनाक्यावर, पावसात काचा बंद करून तासभर उभी असते, तेव्हा बॉनेटखालची हवा कुठे जाते? केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत विंडस्क्रीनच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेलाच असते. आता बोला. ट्रॅफिकमध्ये डोकं दुखतं त्याचं खापर आपण ट्रॅफिकवर फोडतो. बहुतेक वेळा ते खरंही असेल. पण ज्या गाडीचं एक्झॉस्ट पुढेच गळतंय तिच्यात मागच्या सीटवर लहान मूल झोपलेलं असताना 'बहुतेक वेळा' हा शब्द मला पुरत नाही.

आणि पीयूसी आहे की, असं म्हणू नका. पीयूसीवाला नळी कुठे घालतो? सायलेन्सरच्या टोकाला. बीएस-४ पेट्रोल गाडीला तिथे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के. पण जो वायू इंजिनाशीच निसटला तो टोकापर्यंत पोचतोच कुठे? जो पोचतो तो कन्व्हर्टरमधून धुऊन-पुसून येतो. गळक्या गाडीला हिरवा कंदील आणि आत बसलेल्याला डोकेदुखी!

दुसरी गोष्ट, आपल्या धंद्यातली. म्हणजे फीडबॅक लूपची. गळती फक्त बाहेरच्या दिशेनं होते असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, ठोक्यांनी येतो. ८०० आरपीएमला एका सिलिंडरचे सेकंदाला जवळजवळ सात ठोके. (ती टक टक म्हणजे हेच ठोके.) दोन ठोक्यांच्या मध्ये दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे ऑक्सिजन सेन्सर बसलेला आहे. त्याला वाटतं, अरे, ऑक्सिजन जास्त उरलाय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि पेट्रोल वाढवतो. परत हवा, परत पेट्रोल. मायलेज पडतं, जास्तीचं पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवतं, आणि दिवा लागतो. स्कॅनर लावला की पी-०१७१ दाखवतो: मिश्रण पातळ.

मग काय होतं? सेन्सर बदलतात! तो बिचारा खरंच बोलत होता. त्याच्यापुढे जे आलं ते त्यानं सांगितलं. आपल्याकडे एखाद्या सर्व्हरचा मॉनिटर सारखा बोंबलायला लागला तर आपण मॉनिटर बदलतो का? (हसू नका, तसं करणारे मी पाहिलेत.) सेन्सर झाला, मग इंजेक्टर साफ, मग प्लग, शेवटी कन्व्हर्टर. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आता लाल पेस्टबद्दल बोलायलाच हवं. गॅरेजात एक लाल सिलिकॉनची ट्यूब असते, आणि ती बघितली की माझ्या डोळ्यांतही तोच रंग उतरतो. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ती थापायची आणि आवळून टाकायचं, ही पद्धत इतकी रुळली आहे की न लावणाऱ्यालाच लोक अडाणी समजतात. ही पेस्ट ऑइल चेंबरसाठी, पाण्याच्या पंपासाठी उत्तम. तिची सहनशक्ती साधारण ३०० अंशांच्या आसपास संपते. आपला मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणजे ती जळते, तिची राख होते, आणि तिनं अडवलेली जागा मोकळी होते. जोड पहिल्यापेक्षा ढिला. वर, जी पेस्ट सेन्सरसाठी सुरक्षित म्हणून बनवलेली नाही तिच्यातून निघणारी सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरवर थर धरते आणि त्याला कायमचा आंधळा करते. आपल्या भाषेत सांगायचं तर लाल पेस्ट म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक. एरर गिळली, कोड 'चालला', आणि सगळे घरी गेले.

मग नीट करायचं म्हणजे काय करायचं? यात कुठलीही जादू नाही. आहे तो फक्त वेळ.

१. आधी खात्री करा. सकाळी थंड असताना टक टक, तापल्यावर बंद, आणि जोर दिला की आवाज मोठा, ही खूण. टॅपेटचा आवाजही असाच असतो, म्हणून ऐकीव पुराव्यावर जाऊ नका. इंजिन थंड आणि बंद असताना सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरनं हवा भरा आणि जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे तिथे चोर. जोडाशी काजळीचे काळे फराटे असले तर तो कबुलीजबाबच.

२. नट जबरदस्तीनं सोडवू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. टोकाकडून सुरुवात करून मधे या. कुठला नट आधीच ढिला होता, कुठला नव्हताच, हे लिहून ठेवा.

३. जुनं पॅकिंग फेकू नका, वाचा. ती तुमची लॉग फाइल आहे. वायू ज्या वाटेनं निसटला तिथे काळा माग असतो. माग टोकाच्या पोर्टला असेल तर सपाटी आणि स्टड बघा. सगळीकडेच असेल तर आवळण्यातच खोट होती.

४. पृष्ठभाग खरवडा, पण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर ग्राइंडरची चकती लावणाऱ्याचे हात धरा. मऊ धातू आहे, चकती खड्डे पाडते आणि भुकटी भोकांत जाते. पितळेची किंवा प्लॅस्टिकची पट्टी पुरते. खूप जुन्या गाडीचं पॅकिंग असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, ओलं करून काढा, मास्क लावा.

५. पोलादी सरळ पट्टी मॅनिफोल्डवर उभी ठेवा आणि खाली फिलर गेज सरकवा. मर्यादा किती ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण ती मिलिमीटरच्या छोट्या हिश्शात असते. डोळ्यांनी दिसेल अशी फट म्हणजे तर हद्दच झाली. वाकला असेल तर फेसिंग मारून आणा. या एका पायरीला पंधरा मिनिटं लागतात, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

६. तुटका स्टड. दोन नट एकमेकांवर घट्ट करून काढता आला तर नशीब. आतच तुटला असेल तर त्यावर नट वेल्ड करून काढायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं पकडही सुटते. इझी-आऊट हा अगदी शेवटचा उपाय. तो कडक पोलादाचा असतो, आतच मोडला तर मग साध्या ड्रिलनंही निघत नाही. आटे गेले असतील तर तारेच्या स्प्रिंगसारखा नवीन आट्याचा इन्सर्ट बसतो. हेड बदलायची गरज नसते.

७. स्टड आणि नट नवीन. पॅकिंग कोरडं, मॅन्युअल सांगत नसेल तर पेस्ट नाही. आधी सगळे नट हातानं, मग टॉर्क रेंचनं मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. ८ मिलिमीटरच्या स्टडला आकडा बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्यावर जेमतेम दहा किलोचा जोर. पहिलवानी नको! आणि मॅन्युअलमध्ये नसताना आट्यांना ग्रीस लावून मग तोच आकडा मारू नका. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.

८. माउंटिंग आणि सायलेन्सरची रबरं तपासल्याशिवाय बॉनेट लावू नका. नाहीतर वरच्या सात पायऱ्या म्हणजे वाहून गेलेल्या पुलाला रंग दिल्यासारखं.

झालं. एक पूर्ण दिवस. फार तर दीड.

आता मला जे उत्तर नेहमी मिळतं ते सांगतो. "अरे बाबा, आपला देश जुगाडावर चालतो. गरिबाला फेसिंग परवडतं का?" हे उत्तर ऐकायला फार कळवळ्याचं वाटतं. पण देतं कोण? वीस लाखांच्या गाडीत बसलेला माणूस. आणि जुगाडाला माझा विरोध कुठे आहे? वरंधा घाटात रात्री जोड सुटला आणि कोणी पत्र्याचा डबा कापून, तारेनं बांधून गाडी महाडला पोचवली तर मी त्याच्या पाया पडेन. ती तात्पुरती सोय आहे आणि करणाऱ्याला ते माहीत आहे. माझं भांडण आहे ती सोय 'दुरुस्ती' म्हणून बिलावर लिहिण्याशी. आणि गरिबाचाच हिशोब करायचा तर एकदा फेसिंग मारणं स्वस्त, की दर सहा महिन्यांनी पॅकिंग, वर सेन्सर, वर पडलेलं मायलेज? गरिबालाच दोनदा काम करून घेणं परवडत नाही.

दुसरं उत्तर तंत्रज्ञानाचं. "नवीन इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. फोक्सवॅगनचं ईए-२११ बघ. तुझा प्रश्न कालबाह्य आहे." खरं आहे, तशी इंजिनं वाढताहेत, आणि कल्पना चांगलीही आहे, वायू लवकर थंड होतो, कूलंट लवकर तापतं, सांधे कमी होतात. पण कमी होतात, संपत नाहीत. टर्बो तिथेच हेडला बोल्टनं जोडलेला असतो आणि मध्ये आमच्या अशिलाचा धाकटा भाऊ बसलेला असतो. रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांचं काय, हा प्रश्न तर वेगळाच.

तिसरं उत्तर मात्र मी मान्य करतो. चाचांसारखा मिस्त्री म्हणतो, "साहेब, टॉर्कचा आकडा मला देतं कोण?" बरोबर आहे! मॅन्युअल कंपनीच्या डीलरकडे, स्कॅनरचं सॉफ्टवेअर डीलरकडे, अस्सल पार्ट डीलरकडे. याच मुद्द्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. पुढे प्रकरण अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल आलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे. पण पोर्टलनं नट आवळले जात नाहीत. सर्व्हिस सेंटरकडे आकडा आहे आणि वेळ नाही. चाचांकडे वेळ आहे आणि आकडा नाही. आणि या दोघांच्या मध्ये आपण, म्हणजे गिऱ्हाईक, पॅकिंगसारखे चेपलेले.

पण आपल्याला वाटतं तितके आपण निरपराध नाही. हेच मला आज मुळात म्हणायचंय.

आपण ऑफिसात काय करतो? प्रॉडक्शनला काही पडलं की रूट कॉज ॲनालिसिस. पाच वेळा 'का' विचारायचं. त्याचं डॉक्युमेंट, त्याची मीटिंग, त्याच्या मीटिंगची मीटिंग. नुसता सर्व्हर रीस्टार्ट करून 'फिक्स्ड' लिहिणाऱ्या ज्युनिअरला आपण फाडून खातो. आणि तेच आपण शनिवारी सकाळी गॅरेजात जाऊन म्हणतो, "किती वेळ लागेल? संध्याकाळी देता ना?" मिस्त्री म्हणाला की दोन दिवस लागतील, तर आपण दुसऱ्या गॅरेजात जातो. म्हणाला की तपासायचे पाचशे होतील, तर आपल्याला तो लुटारू वाटतो. पण तोच पाचशेचा अनावश्यक पार्ट खोक्यासकट दाखवून लावला तर आपण आनंदानं पैसे देतो. पार्टला पैसे, डोक्याला नाहीत! स्वतःच्या डोक्याचे तासावर पैसे घेणाऱ्या जमातीनं दुसऱ्याच्या डोक्याची ही किंमत करावी, याला काय म्हणायचं?

नीट काम करणारा मिस्त्री या बाजारात टिकत नाही, तो काही आकाशातून पडलेल्या शापामुळे नाही. आपण रोज त्याच्या विरोधात मत देतो. मग तोही शहाणा होतो, लाल ट्यूब विकत घेतो, आणि आपण सगळे मिळून म्हणतो, हल्ली चांगले मेकॅनिक उरले नाहीत बुवा.

तेव्हा पुढच्या वेळी बिलावर 'गॅस्केट बदलले' ही ओळ दिसली तर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. जुनं पॅकिंग दाखवा, ते कुठे जळलंय? मॅनिफोल्डवर पट्टी लावून बघितली का? स्टड किती तुटके होते आणि माउंटिंग कसं आहे? तीनही उत्तरं मिळाली तर त्या माणसाचा नंबर जपून ठेवा, त्यानं मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्या आणि गाडी दोन दिवसांनी न्यायला या. उत्तरादाखल फक्त लाल बोटं दिसली तर तिथून निघा.

आणि पॅकिंगला शिव्या देऊ नका. जोवर दोन्हीकडची माणसं त्याला नीट धरून होती तोवर त्यानं आपलं काम केलं होतं.